अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप : पेण-रोह्याच्या पालकांनी काय पाहावे?

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे गुण हाती येतात, केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि महाविद्यालय निश्चित होण्याआधीच घरात एक प्रश्न उभा राहतो : लॅपटॉप कोणता घ्यायचा? २०२५ च्या जुलै महिन्यात रोह्याचे एक पालक दोन कोटेशने घेऊन आमच्याकडे आले. एक चौतीस हजारांचे, दुसरे ब्याण्णव हजारांचे. स्वतः धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारे. मुलाला लोणेरे येथे यांत्रिकी शाखा मिळण्याची आशा. स्वस्त घेतला तर मुलाचे नुकसान होईल आणि महाग घेतला तर धाकट्या मुलीच्या फीचे पैसे त्यात जातील, अशा पेचात ते सापडले होते. आम्ही काही संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु त्या निमित्ताने जाणकारांशी जी चर्चा झाली आणि जे वाचन घडले, ते इतर पालकांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

आपल्या भागातील मुले साधारणतः दोन दिशांना जातात. रोह्याकडची काही मुले कोलाड, माणगाव मार्गे लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात जातात. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात संगणक, स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत अशा शाखांबरोबर रसायन आणि पेट्रोरसायन अभियांत्रिकीही शिकविली जाते. नागोठणे व धाटाव ज्यांच्या उंबरठ्याशी आहेत त्यांना या दोन शाखांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पेणची बरीच मुले मात्र रेल्वेने किंवा एसटीने पनवेल आणि नवी मुंबईकडे रोज ये-जा करतात. हा फरक लॅपटॉप निवडताना फार मोलाचा ठरतो. वसतिगृहात राहणाऱ्याचे यंत्र टेबलावर असते. रोज गाडीच्या गर्दीत उभे राहून जाणाऱ्याच्या पाठीवर ते चार वर्षे असते. दीड किलो आणि अडीच किलो यांतील अंतर दुकानात जाणवत नाही. त्यात चार्जरचे वजन धरले, डबा व पुस्तके धरली, म्हणजे ते नीट कळते.

पहिली गोष्ट अशी की, घाई करू नये. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी आलेखन, थोडी सी किंवा पायथॉन भाषेतील प्रोग्रामिंग असे विषय असतात आणि ते बहुतेक शाखांना सारखेच असतात. एवढ्या कामाला कोणताही बरा संगणक पुरतो; शिवाय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणक असतातच. शाखा बदलण्याचीही शक्यता असते. म्हणून प्रवेश पक्का होऊन वरच्या वर्गातील मुलांना व शिक्षकांना विचारेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

आता त्या दोन कोटेशनांकडे वळू. चौतीस हजारांच्या यंत्रावर ‘रायझेन ५’ असे लिहिले होते आणि दुकानदाराचे म्हणणे होते की, पन्नास हजारांच्या यंत्रातही ‘रायझेन ५’च असतो, मग जास्त पैसे कशाला? येथेच पालक फसतात. प्रोसेसरचे घराण्याचे नाव म्हणजे आडनाव झाले. माणूस ओळखायचा तर पुढचा आकडाही वाचावा लागतो. एएमडी कंपनीच्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतील रचना किती जुनी आहे ते सांगतो. ‘७५२०यू’ मधील २ म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ रचना, गाभे चार. ‘७५३०यू’ मधील ३ म्हणजे त्यानंतरची झेन ३, गाभे सहा. दोन्हींवर चिकटविलेला कागद मात्र एकच! इंटेलच्या बाबतीतही असेच. शेवटचे अक्षर ‘यू’ असेल तर यंत्र कमी वीज घेते, बॅटरी अधिक टिकते. ‘एच’ असेल तर शक्ती जास्त, उष्णताही जास्त. ‘आय३-एन३०५’ हा प्रोसेसर ‘आय३’ म्हणवतो खरा, पण त्याचे सर्व गाभे लहान, वीज वाचविणाऱ्या प्रकारचे आहेत. सेलेरॉन नावाची यंत्रे तर अभियांत्रिकीच्या वाटेला नेऊच नयेत. तेव्हा पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, घरी येऊन तपासावा आणि मगच पैसे द्यावेत.

रॅमविषयी जाणकारांचे मत एकच पडले : १६ जीबी. ८ जीबीमधील मोठा वाटा विंडोज स्वतःच घेते. त्यावर आरेखनाचे सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एकत्र उघडले की यंत्र धापा टाकू लागते. त्या स्वस्त यंत्रातील ८ जीबी रॅम मुख्य पटलावरच डाखलेली होती, म्हणजे पुढे वाढविण्याची सोय नाही. ‘रॅमसाठी मोकळा स्लॉट आहे का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी पुरे. तिच्यात जुन्या हार्ड डिस्कप्रमाणे फिरणारी तबकडी नसते. मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे सोसलेल्या आमच्या वाचकांना हा गुण पटकन पटेल.

ब्याण्णव हजारांचे यंत्र खेळांसाठी बनविलेले, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले होते. असे कार्ड सर्वांना लागत नाही. संगणक, विद्युत, रसायन या शाखांचे नेहमीचे काम त्यावाचून चालते. यांत्रिकी व स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना त्रिमिती आरेखनात त्याचा लाभ होतो, तोही मुख्यतः मोठ्या जोडण्या करताना, म्हणजे वरच्या वर्षांत. बदल्यात वजन वाढते आणि बॅटरी लवकर उतरते. (खेळांचा मोह हा वेगळा विषय; तो पालकांनी आणि मुलांनी आपसांत मिटवावा.) अॅपलच्या यंत्रांचा दर्जा चांगला असला तरी सॉलिडवर्क्स, रेव्हिट ही सॉफ्टवेअर त्यांच्यासाठी बनविलेली नाहीत. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या नव्या विंडोज यंत्रांबाबतही आपल्या शाखेचे सॉफ्टवेअर चालते की नाही हे आधी पाहावे.

वापरलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. परंतु विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या यंत्रांवरच अधिकृतपणे चालते. त्याआधीचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी सोडावे. नव्या यंत्राच्या कोटेशनवर ‘डॉस’ असा शब्द दिसला तर विंडोजचा खर्च वेगळा आहे असे समजावे.

सॉफ्टवेअरसाठी चोरट्या प्रती घेण्याचे कारण नाही. ऑटोकॅड बनविणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना एकेका वर्षासाठी विनामूल्य परवाना देते. त्याला प्रवेशाचा पुरावा लागतो. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प सायलॅब, ओपनफोम, तसेच रसायन अभियांत्रिकीसाठी डीडब्ल्यूसिम अशा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतूनही पाठ आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ही गोष्ट फार कमी वेळा कोणी सांगते.

आपल्याकडील पाऊस आणि वीज यांचा विचार शहरातील जाहिराती करीत नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात कित्येक गावे दिवसच्या दिवस अंधारात होती, हे आपण विसरलो नाही. तेवढे संकट नसले तरी पावसाळ्यात वीज जाणे, येताना दाब उसळणे हे नित्याचे. बॅटरी किती ‘वॉट-अवर’ची आहे ते पाहावे, पन्नासच्या वर असेल तर चांगले. चांगला स्पाइक गार्ड घ्यावा आणि आकाशात गडगडाट सुरू झाला की चार्जर काढून ठेवावा. पाणी शिरल्यास नेहमीची वॉरंटी लागू पडत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीची वेगळी योजना घ्यावी लागते, आणि रोज प्रवास करणाऱ्याने ती घ्यावी असे आम्हांस वाटते. दुरुस्ती घरी येऊन करणार की पनवेलला खेपा घालायच्या, हेही लेखी घ्यावे. पक्के बिल घ्यावे. १८ टक्के जीएसटी वाचविण्याच्या नादात कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या वस्तूबद्दल पुढे दाद मागणे कठीण होते.

आणखी एक बाब अनेकांना ठाऊक नसते. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर अभ्यासक्रमासाठी आवश्यक संगणकाचा खर्च त्यात धरता येतो. मात्र कर्जाचा अर्ज करतानाच कोटेशन जोडावे. मंजुरीनंतर ते घुसविणे त्रासाचे. लॅपटॉपसाठी वेगळ्या, चढ्या व्याजाच्या हप्त्यांत अडकण्यापूर्वी बँकेत एवढे विचारून यावे.

त्या रोह्याच्या पालकांचे पुढे काय झाले? मुलाला लोणेरे मिळाले, शाखाही यांत्रिकीच. दिवाळीपर्यंत ते थांबले आणि ‘७५३०यू’ प्रोसेसरचे, दीड किलोच्या आसपास वजनाचे, रॅमचा एक स्लॉट मोकळा असलेले यंत्र त्यांनी पन्नास हजारांच्या आत घेतले. ‘सध्या ८ जीबी असू द्या, उरलेली पुढच्या वर्षी वाढवा,’ हा सल्ला आम्हीच दिला होता. तो मात्र चुकला. जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी मेमरीची मागणी उसळली आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. मुलगा अजून ८ जीबीवरच काम रेटतो आहे आणि मोठी आरेखने प्रयोगशाळेत जाऊन करतो. तेव्हा यंदा घेणाऱ्यांनी १६ जीबी आरंभीच घ्यावी.

— संपादक