रानाची इंद्रियं, लेखांक ६ : पानाफांद्यांचा सदरा

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांची लगबग सुरू होते. बंदुकीचा हंगाम बहुतेक राज्यांत नोव्हेंबरात येतो, त्याआधीचे काही आठवडे धनुष्यवाल्यांसाठी राखून ठेवलेले असतात. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे दिवस ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या रजांवरूनही कळतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. तिकडे परवाना, ठरलेला हंगाम आणि ठरवून दिलेली संख्या या चौकटीत ती चालते. आज प्रश्न घेतला आहे तो त्या शिकाऱ्यांच्या कपड्यांचा. पानं, फांद्या, झाडाची साल अंगभर छापलेले ते महागडे कॅमोफ्लाज कपडे हरणापुढे खरंच उपयोगी पडतात का?

थोडे पडतात. पण विकत घेणारा समजतो त्या कारणाने नाही.

रायफल हातात असली की दोनशे मीटरवरूनही नेम धरता येतो, तेव्हा अंगात काय घातलं आहे याने फारसं बिघडत नाही. धनुष्यवाल्याला वीस-तीस यार्डांच्या आत यावं लागतं. त्याहून लांबून सोडलेला बाण हुकला तर प्रत्येक वेळी मोकळाच जातो असं नाही. तो पोटात किंवा मांडीत बसतो आणि ते जनावर तासन्‌तास रक्त गाळत फिरतं. त्यामुळे जवळ असूनही न दिसणं हा केवळ शिकाऱ्याच्या सोयीचा विषय राहत नाही. जनावराचे हाल होणार की नाहीत हेही त्यावर ठरतं, आणि माझ्या लेखी या विषयाचं महत्त्व तिथेच आहे.

हरणाला रंग दिसतच नाहीत, असं शिकारी पिढ्यान्‌पिढ्या धरून चालले होते. त्याची नीट तपासणी व्हायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. सांता बार्बराच्या विद्यापीठातले जेरल्ड जेकब्स, त्यांचे सहकारी जेस डीगन आणि जे नाइट्झ, आणि जॉर्जिया विद्यापीठातले हरणांचे अभ्यासक लॅरी मार्चिंटन आणि कार्ल मिलर यांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांना भूल दिली, त्यांच्या डोळ्यांवर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश लुकलुकवला आणि दृष्टिपटलातून उमटणारे विजेचे सूक्ष्म प्रतिसाद मोजले. निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. हरणाच्या डोळ्यात त्या दोनच प्रकारच्या निघाल्या. एक प्रकार ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो, दुसरा ५३७ च्या आसपासच्या हिरव्याला. तांबड्यासाठी वेगळी पेशी नाही. म्हणजे हरणाला रंग दिसतात, पण निळ्या टोकाला ठसठशीत आणि तांबड्या टोकाला जवळजवळ विझलेले.

शिकाऱ्यांनी घालायचा झगझगीत नारिंगी रंग याच विझलेल्या टोकाला पडतो. बंदुकीच्या हंगामात अनेक राज्यांत नारिंगी टोपी किंवा जाकीट सक्तीचं असतं, कारण दुसऱ्या शिकाऱ्याला झुडपाआड माणूस आहे हे लांबून कळलं पाहिजे. त्या रंगाची तरंगलांबी ६०० नॅनोमीटरच्या आसपास असते. माणसाच्या डोळ्यात तो खुपतो. हरणाला तिथे नारिंगी असं काही जाणवत नाही, वाळक्या पाल्यात मिसळणारा मळकट पिवळसर डाग दिसत असावा. हा रंग घातला तर हरीण पळेल, या समजुतीपायी तो टाळणाऱ्यांनी हे मापन जरूर लक्षात घ्यावं. त्या रंगामुळे माणसांचे जीव वाचतात.

आपल्या जंगलात तर याचा पुरावा चार पायांवर फिरतो. ताडोब्यात किंवा पेंचमध्ये जिप्सीतून वाघ पाहिलेल्या कुणालाही हा प्रश्न पडला असेल की इतका भडक केशरी प्राणी हिरव्या रानात चितळाच्या एवढ्या जवळ पोचतो तरी कसा. २०१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने दोन प्रकारच्या शंकुपेशींचा डोळा उभा केला आणि त्या डोळ्यातून वाघ पाहिला. केशरी आणि हिरवा यांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. सस्तन प्राण्यांच्या अंगावर हिरवा रंग तयार होत नाही, आणि वाघाला त्याची गरजही पडलेली नाही, कारण त्याचं सावज केशरीलाच हिरवा समजतं. उरलेलं काम पट्टे करतात. ते अंगाची कडा तोडतात, त्यामुळे इथे वाघाचं अंग संपलं आणि इथून गवत सुरू झालं हे हरणाच्या डोळ्याला ठरवता येत नाही.

मग हरणापुढे वाईट रंग कोणता? निळा. जीनची पँट घालून रानात जाणं हे नारिंगी जाकीट घालण्यापेक्षा कितीतरी घातक. पण निळ्याचा सर्वांत मोठा स्रोत कपड्याच्या रंगात नसतो, धुण्यात असतो. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल देत असत, ते आठवा. ते निळीसारखं साधं रंगद्रव्य नव्हे. ते अतिनील प्रकाश शोषून घेतं आणि निळ्या उजेडाच्या रूपात बाहेर टाकतं, म्हणून कापड पांढऱ्याहून पांढरं भासतं. अशीच द्रव्यं आज बहुतेक धुण्याच्या पावडरींत मिसळलेली असतात. त्यांतून निघणारा उजेड हरणाच्या निळ्या शंकुपेशीला जिथे सर्वांत जास्त जाणवतो, नेमक्या त्याच पट्ट्याच्या आसपास असतो. त्यात आपल्या डोळ्याचं भिंग अतिनील किरण बऱ्याच अंशी अडवतं, तर हरणाच्या भिंगातून ते आपल्यापेक्षा जास्त आत जातात.

याचा परिणाम पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त होतो, आणि हरणांची मुख्य हालचालही त्याच वेळी असते. सूर्य क्षितिजाखाली असताना आकाशातून येणाऱ्या उजेडात निळ्याचं प्रमाण वाढलेलं असतं. अशा वेळी ओकच्या खोडाशी हुबेहूब सालीच्या नक्षीचे कपडे घालून बसलेला माणूस माणसाच्या डोळ्याला सापडत नाही, आणि हरणाच्या डोळ्याला मात्र त्याच्या बाह्या मंद निळसर उजळलेल्या दिसण्याची शक्यता असते. कपडे तेच, कापड तेच. फरक धुण्याच्या पावडरीने पाडला. जाणते शिकारी म्हणूनच असे कपडे वेगळ्या, या द्रव्यांविना बनवलेल्या साबणाने धुतात आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चखाली धरून तपासतात. नवं कापड दुकानातून आणलं तेव्हाच चमकतं असंही निघू शकतं. माझ्या मते सदऱ्यावरच्या नक्षीवर खर्च करण्याआधी ही एक तपासणी करावी, तिला जवळजवळ काहीच पैसे पडत नाहीत.

नक्षीचा इतिहास तसा अलीकडचा आहे. व्हिएतनाम युद्धानंतर शिकारी लष्करी कपडे वापरत. १९८० च्या सुमारास व्हर्जिनियातल्या जिम क्रम्ली यांनी झाडाच्या सालीसारखी उभ्या रेघांची नक्षी तयार केली, तिचं नाव ट्रीबार्क. १९८६ मध्ये जॉर्जियात बिल जॉर्डन यांची रिअलट्री आणि मिसिसिपीत टॉक्सी हास यांची मॉसी ओक निघाली. तिथून पुढे एकेक पान, एकेक काटकी फोटोसारखी छापण्याची चढाओढ लागली. दुकानात हँगरवर ते कापड फार सुंदर दिसतं. पण बारकावे टिपण्यात हरणाची नजर माणसापेक्षा बरीच अधू आहे, आणि बारीक बुट्ट्यांची साडी दुरून एकरंगी दिसावी तशी ही नक्षी तीस-चाळीस पावलांवर हरणाच्या डोळ्यात एकजीव होऊन माणसाच्या आकाराचा एक गडद ठिपका उरतो. कडा तोडायच्या तर वाघाच्या पट्ट्यांसारखे मोठे, उजळ-गडद तुकडे हवेत. याच विचाराने पुढे गोर कंपनीने ऑप्टिफेड नावाची नक्षी करून घेतली. त्या कामात लष्करी नक्षी आखणारे तज्ज्ञ होते आणि जे नाइट्झही होते, म्हणजे ज्यांनी हरणाचा डोळा मोजला त्यांच्यापैकीच एक. ती नक्षी पानासारखी दिसत नाही, चौकोनी ठिपक्यांची आणि डागांची आहे. खपासाठी पानं बरी असतील, पण हरणाच्या दृष्टीने हा विचार मला जास्त पटतो.

आता मुख्य गोष्ट. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि मान न वळवता त्याला सभोवारचा सुमारे ३०० अंशांचा पट्टा दिसतो. बाहुली आडवी असते, आणि दृष्टिपटलावरच्या संवेदनशील पेशीही एका आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. सगळं क्षितिज एकाच वेळी चाळणारा हा डोळा हालचाल पकडण्यासाठी घडलेला आहे, माणूस कोणत्या रंगात आहे हे न्याहाळण्यासाठी नाही.

संशय आलेली मादी कशी वागते हे एकदा नीट पाहावं. ती थबकते, दोन्ही कान पुढे रोखते. मान खाली-वर, मग डावी-उजवीकडे हलवून त्याच ठिपक्याकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहते. मग चरायला तोंड खाली घातल्यासारखं करते आणि दातांत गवत न धरताच झटकन मान वर करते. समोरच्याने तेवढ्यात अंग हलवलं असेल तर तो सापडला. नाही सापडला तर पुढचा खूर जमिनीवर आपटून पाहते, म्हणजे घाबरून तरी तो हलावा. तरीही समोर काही हललं नाही, तर पुष्कळदा ती खरोखरच चरायला लागते. या साऱ्या तपासणीत सदऱ्याचा रंग तिने एकदाही विचारलेला नसतो.

धनुष्यवाल्याची अडचण अशी की त्याला हलावंच लागतं. बंदुकीचा चाप ओढायला एक बोट पुरतं, धनुष्य ओढायला कोपर खांद्यामागे न्यावं लागतं, तेही समोर वीस यार्डांवर हरीण असताना. होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये पेटंट मिळालेल्या कप्पीच्या धनुष्याने, म्हणजे कंपाउंड बोने, इथे मोठी सोय केली. दोरी पूर्ण ओढली की कप्प्या बहुतेक भार स्वतःवर घेतात आणि शिकारी तशीच ओढलेली दोरी बराच वेळ धरून राहू शकतो. त्यामुळे हरणाचं डोकं झाडाच्या खोडाआड गेलं की त्या दोन-तीन सेकंदांत धनुष्य ओढून घ्यायचं आणि ते बाहेर येईपर्यंत थांबायचं, हे जमू लागलं. हरीण टिपण्यात या एका सवयीचा वाटा कोणत्याही नक्षीपेक्षा मोठा आहे, याबद्दल मला शंका नाही.

अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्य-शिकारीचं मूळ ज्या माणसापर्यंत जातं, त्याच्याकडे तर सदराच नव्हता. ‘याही’ नावाच्या जमातीतला इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी एकटाच बाहेर आला. त्याच्याकडून डॉक्टर सॅक्स्टन पोप धनुष्यविद्या शिकले आणि १९२३ च्या पुस्तकात त्याची पद्धत त्यांनी लिहून ठेवली. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात अंघोळ करून अंगाला सुगंधी पाला चोळत असे आणि लंगोटीवर, उघड्या पायांनी निघत असे. वाऱ्याविषयी गेल्या लेखांकात लिहिलंच आहे, त्यामुळे इथे एवढंच पुरे की त्याची सगळी तयारी हरणाच्या नाकासाठी होती. हरणाला जवळ आणण्यासाठी तो पेंढा भरलेलं हरणाचं मुंडकंही वापरी. मैदानी प्रदेशातले मूलनिवासी लांडग्याचं कातडं पांघरून बायसनांच्या कळपाजवळ रांगत जात, आणि ते दृश्य जॉर्ज कॅटलिन यांनी १८३० च्या दशकात रंगवून ठेवलं आहे. आपल्याकडचे गाय-पारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ सरकत. तिन्ही ठिकाणी माणसाने आपला रंग झाकला नाही, आपली उभी दोन पायांची आकृती झाकली. हे ज्ञान प्रयोगशाळेच्या किती आधीचं आहे, ते पाहून मन भरून येतं.

तर मग कपडे कसे असावेत? मळकट, निळा अंश नसलेले, न चमकणारे आणि हलताना न सळसळणारे. जुनी लोकरी चौकड्यांची जाकिटं या कसोटीला उत्तम उतरतात. चेहरा आणि हात झाकावेत, कारण हलतात ते तेच, आणि घामेजलेल्या त्वचेवर उजेड चकाकतो. झाडावरच्या मचाणावर पंधरा-वीस फूट उंच बसलेल्याच्या मागे मोकळं आकाश असेल तर कोणतीही नक्षी त्याला वाचवत नाही. पाठीशी जाड खोड आणि फांद्या हव्यात. जमिनीवरच्या कापडी लपणात बसायचं तर साधा काळा सदरा चांगला, कारण आत अंधार असतो आणि त्यात पानाफांद्यांचा उजळ सदरा उठून दिसतो. रानटर्कीचं प्रकरण वेगळं आहे. पक्ष्यांच्या डोळ्यात शंकुपेशी चार प्रकारच्या असतात आणि नजर तीक्ष्ण असते, तिथे बोटांच्या टोकांपर्यंत झाकून घेणारेच यशस्वी होतात.

एवढं सगळं सांभाळूनही बाण सुटल्यावर एक गोष्ट उरते. चांगल्या कंपाउंड बोचा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो आणि दोरीचा आवाज सुमारे ११०० फूट. पंचवीस यार्डांवरच्या हरणाला बाणाच्या आधी सेकंदाचा पाचवा भाग मिळतो. तेवढ्यात ते उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली बसतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून पुढच्या आठवड्यात कान.