वाढीची उधारी

शायर म्हणजे इंग्लंडातली अवाढव्य घोड्याची जात, वजन टनाच्या आसपास. शेटलंड पोनी म्हणजे तट्टू, त्याची पाठ जेमतेम माणसाच्या कमरेला लागते. केंब्रिजच्या आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड यांनी या दोघांचा संकर केला आणि १९३८ साली निकाल छापला. कृत्रिम रेतनामुळे जोडी उलटसुलट जुळवता आली. एकदा आई शायर आणि बाप पोनी, एकदा आई पोनी आणि बाप शायर. वारसा दोन्हीकडे निम्मा-निम्मा. तरी शायर घोडीला झालेलं शिंगरू दांडगं, आणि पोनीला झालेलं पोनीच्या नेहमीच्या शिंगराएवढंच. बाप धिप्पाड असून उपयोग शून्य. पुढे ही शिंगरं वाढली, पण दोघांमधला फरक पुरता काही मिटला नाही.

माणसाच्या बाळाचंही जन्माच्या वेळचं माप असंच बरंचसं आईच्या पोटात ठरतं. आता ‘लहान’ म्हणजे नेमकं काय? ३४ आठवड्यांचं, दोन किलोचं बाळ तसं ठीकच आहे, ते फक्त लवकर आलंय. पूर्ण दिवस भरून दोन किलोचंच आलं, तर ते खरं लहान. त्याच आठवड्यात जन्मणाऱ्या शंभर बाळांत वजनानं सर्वांत खालची जी दहा, त्यांना डॉक्टर या गटात धरतात. त्यातली काही नुसती आईवडिलांवर गेलेली, लहानखुऱ्या चणीची. काहींची वाढ मात्र अडलेली असते. वार नीट रुजलेली नसते, आईचा रक्तदाब चढलेला असतो, कधी संसर्ग, कधी जनुकांतला दोष.

वारेतून रक्त कमी येऊ लागलं की गर्भ जे करतो ते पाहून थक्क व्हायला होतं. तंगीच्या महिन्यात आपण मुलांची फी भरतो आणि घराची रंगरंगोटी पुढे ढकलतो, तसंच. डॉपलर सोनोग्राफीत हे चक्क दिसतं: मेंदूकडच्या रक्तवाहिनीतला प्रवाह वाढलेला, आणि यकृत, मूत्रपिंडं, स्नायू यांच्या वाट्याला कमी. म्हणून असं बाळ पुष्कळदा डोक्यानं ठीक आणि अंगानं बारीक असतं, मांड्यांवरची कातडी सैल.

पण सगळीच काटकसर डोळ्यांना दिसत नाही. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. नवजात बाळाच्या डोक्याला, पोटाला, दंडाला टेप लावायची. मग खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत उचलून कॅलिपरनं तिची जाडी मोजायची. या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पोटाचा घेर आणि स्नायू बरेच कमी. फऱ्याखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच! वजनकाट्यावर किरकोळ दिसणारं बाळ चरबी राखूनच जन्माला येत होतं. आपल्याकडे अंगानं बारीक माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे आहे. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आईच्या पोटात एकूण किती कॅलरी गेल्या, याचा बाळाच्या वजनाशी मेळ बसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याच्याशी बसला.

मग जन्मानंतर? लहान जन्मलेल्या दहा मुलांपैकी आठ-नऊ दोन वर्षांची होईपर्यंत उंचीची उधारी फेडून टाकतात. दिवस भरण्याआधी आलेल्यांना थोडा जास्त वेळ लागतो. झपाट्यानं वाढायचं आणि आपल्या रेषेला पोचलं की वेग आवरायचा. शरीराला कसं कळतं हे? १९६३ मध्ये आंद्रेआ प्राडर आणि जेम्स टॅनर यांनी आजारातून उठलेल्या मुलांत ही भरपाई नोंदवली, तेव्हा त्याचं उत्तर मेंदूत असावं असा तर्क होता. पुढे १९९४ साली जेफ्री बॅरन आणि सहकाऱ्यांनी सशांवर प्रयोग केला. हाडाच्या टोकाशी वाढणाऱ्या कूर्चेची पट्टी असते. एकाच पायाच्या अशा पट्टीत स्टेरॉइड सोडून त्यांनी तिथली वाढ मंदावली. औषध थांबल्यावर तीच पट्टी भराभर वाढू लागली. मेंदूनं हुकूम सोडला असता तर दोन्ही पाय धावले असते. त्या कूर्चेतल्या पेशींना विभाजनाचा ठरावीक साठा असतो आणि वाढ थांबलेल्या काळात तो खर्च झालेला नसतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

दहातलं एखादं मूल मात्र मागेच राहतं. त्याच्यात वाढीचं संप्रेरक कमीच असेल असं नाही. पुष्कळदा ते पुरेसं असतं, पण शरीर त्याला हवा तसा प्रतिसाद देत नाही. (पोटात असताना या संप्रेरकाची फारशी गरजही नसते. तिथे कारभार इन्सुलिन आणि त्याच्यासारख्या वाढघटकांचा. त्यातल्या आयजीएफ-२ या घटकाच्या जनुकाची वडिलांकडून आलेली प्रत तेवढी काम करते, आईकडची गप्प. वडिलांची प्रतही गप्प झाली तर सिल्व्हर-रसेल सिंड्रोम होऊ शकतो: कपाळ मोठं, शरीर बारीक, भूक मंद.) अशा मुलांना वाढीच्या संप्रेरकाचं इंजेक्शन रोज, वर्षानुवर्षं द्यावं लागतं. अमेरिकेत या वापराला २००१ साली मान्यता मिळाली. म्हणून दोन वर्षांच्या मुलाचं वजन पाहून न थांबता उंचीही मोजायला हवी. नेमकं तेच आपल्याकडे राहून जातं. ‘बाळसं धरत नाही’ म्हणून घरची माणसं तूप, बिस्किटं, साखरपाणी सुरू करतात. त्यानं उंची वाढत नाही, चरबी वाढते, आणि चरबी तर या बाळानं आधीच राखलेली असते.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांतली मुलं मोठी झाली, तेव्हा २०१२ पासून त्यांच्यातल्या काही तरुण-तरुणींना बी-१२ जीवनसत्त्वाची रोजची गोळी सुरू झाली. लग्न आणि बाळंतपण अजून पुढेच होतं. मग त्यांना मुलं झाली, आणि नाळेतल्या रक्तात बी-१२ किती आहे ते तपासलं गेलं. गोळी घेतलेल्या आयांच्या बाळांत ते जास्त भरलं.