सिस्टर, मला दाखवाल का?

गेल्या वर्षी सासूबाईंना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस आमचा मुक्काम दवाखान्यात पडला. दुसऱ्या रात्री सलाईन लावायला एक नवीन सिस्टर आली. कोर्स संपवून नुकतीच नोकरीला लागलेली, जेमतेम बावीस वर्षांची पोर. सासूबाईंचा हात सुरकुतलेला, शीर काही सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं. सासूबाई कळवळल्या आणि माझा पारा चढला. "अहो, मोठ्या सिस्टरना बोलवा ना!" मी जरा जोरातच म्हणाले.

मोठ्या सिस्टर आल्या. आम्हा सगळ्यांदेखत तिला म्हणाल्या, "कॉलेजात काय शिकलात मग?" तिच्या हातातला ट्रे घेतला आणि अर्ध्या मिनिटात सलाईन लावून निघूनही गेल्या.

पहाटे पाणी आणायला गेले तर ती मुलगी जिन्यात बसून रडत होती. म्हणाली, "काकू, मला येतं हो. पण रात्री एवढे पेशंट, त्यात कुणाला काही विचारायचीच भीती वाटते." महिन्याभराने सासूबाईंना दाखवायला गेलो, तेव्हा कळलं की ती नोकरी सोडून गेली. तिच्या जाण्यात माझ्याही त्या एका वाक्याचा वाटा होता का, हा प्रश्न अजून मनातून जात नाही.

मैत्रिणींनो, हे काही एका दवाखान्यापुरतं नाही. अमेरिकेत मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच नव्या परिचारिका काम का सोडतात यावर एक पुस्तक लिहिलं. कॉलेजात शिकलेलं आणि वॉर्डात दिसणारं यातलं अंतर पाहून मुली हबकतात, हे त्याचं सार. आपल्याकडची नवी सून आठवा. माहेरी स्वयंपाक येत असतो, पण सासरच्या ओट्यापाशी उभं राहिलं की मिठाचा डबासुद्धा सापडत नाही. तेव्हा "आईने काय शिकवलं?" असं विचारणारी सासू हवी, की हळूच डबा पुढे सरकवणारी?

पण मोठ्या सिस्टरांचीही बाजू आहेच. आमच्या महिला मंडळात एक निवृत्त परिसेविका येतात. त्यांच्यापाशी मी हा विषय काढला. त्या म्हणाल्या, "नवीन मुलीला शिकवा म्हणतात, पण माझे पेशंट कुणी कमी करतं का? तिची चूक झाली की जाब मला. आणि शिकवून तयार केली की सहा महिन्यांत चालली मोठ्या शहरात! मग शिकवायचा उत्साह राहील कुठून?"

आणखी एक अडचण आहे. ज्याला उत्तम येतं, त्याला ते सांगता येतंच असं नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. निष्णात परिचारिकेला पेशंटकडे पाहताच काहीतरी बिघडतंय हे कळतं, पण कशावरून कळलं ते शब्दांत सांगणं तिलाही जड जातं. पुरणाला चटका किती द्यायचा, हे आपल्या आज्जीला तरी कुठे सांगता यायचं? शेजारी उभं राहूनच ते शिकावं लागायचं.

आमच्या परिसेविकाबाई अशाच शिकल्या. त्यांच्या पहिल्या नोकरीत एक सिनियर सिस्टर होत्या. पहिले काही दिवस त्या म्हणायच्या, "मी करते, तू बघ." मग, "तू कर, मी बघते." आणि शेवटी, "तू कर, मी बाहेर आहे, लागलं तर हाक मार." चूक झाली तर पेशंटसमोर चकार शब्द नाही, जे सांगायचं ते ड्युटी संपल्यावर चहा पिताना.

हातातून हातात आलेलं हे शिक्षण काय करू शकतं, ते मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवलं. तिथलीच परिचारिका अरुणा शानबाग. १९७३ मध्ये तिच्यावर अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू होईपर्यंत तिच्या सहकारी परिचारिकांनी तिला सांभाळलं. इतक्या वर्षांत तिला एकदाही बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, झाली नाही, असं रुग्णालयाने न्यायालयात सांगितलं होतं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या परिचारिकांचं कौतुक केलं. जुन्या निवृत्त होत गेल्या, नव्या येत गेल्या. हल्ला झाला तेव्हा जन्मल्याही नव्हत्या अशा मुलींनी शेवटी तिची सेवा केली. तिला कसं भरवायचं, कुशीवर कसं वळवायचं, हे कुणीतरी त्यांना शेजारी उभं राहून दाखवलंच असणार ना?

मग काय करता येईल? ज्यांना शिकवायची हौस आहे त्यांनाच हे काम द्यावं, केवळ नोकरी जुनी म्हणून गळ्यात मारू नये. शिकवायच्या काळात त्यांचे पेशंट थोडे कमी करावेत. कसं शिकवावं याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं. आणि १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी परिचारिका दिन साजरा होतो तेव्हा, गुलाबाच्या फुलासोबत "यांनी या मुलींना तयार केलं" असं नाव घेऊन सांगावं. बढतीच्या वेळीही त्याची नोंद धरावी. आपल्या गावातल्या रुग्णालयाकडे एवढी मागणी कुठलंही महिला मंडळ करू शकतं. आम्ही तसं निवेदन तयार केलंय.

आणि आपण नातेवाईक? मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंबरोबर दवाखान्यात गेले होते. पुन्हा एक नवी सिस्टर, पुन्हा न सापडणारी शीर. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी काकूंचा दुसरा हात धरला आणि म्हटलं, "सावकाश कर बाळ, आम्हाला घाई नाही. हवं तर मोठ्या सिस्टरना शेजारी उभं राहायला सांगू."

मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी ट्रे मात्र तिच्याच हातात राहू दिला.