‘भरीव’ म्हणजे नेमकं काय? सोनं घेताना आणि बजेट वाचताना हे तपासा

‘बांगडी भरीव आहे ना?’ सराफाच्या दुकानात हा प्रश्न हमखास कानावर पडतो. त्यावर ‘हॉलमार्क आहे’ असं ऐकायला मिळालं, तर ते या प्रश्नाचं उत्तर नाही. हॉलमार्क सांगतो शुद्धता. २२ कॅरेटच्या दागिन्यावरचं ९१६ म्हणजे १००० भागांत ९१६ भाग सोनं. दागिना आतून कसा आहे, हे त्यावरून कळत नाही. पोकळ बांगडीही अस्सल २२ कॅरेटची असू शकते.

कोरणेवरून कोरीव, रेखणेवरून रेखीव, तसं भरणेवरून भरीव. पण नुसतं ‘भरलेलं’ असून भागत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. तरी त्यांना कुणी भरीव म्हणत नाही. बाहेर जे, तेच आत, सलग असावं लागतं.

लाख भरणं ही जुनी पद्धत आहे, फसवणूक नव्हे. मात्र लाखेचे पैसे सोन्याच्या भावानं जाऊ नयेत. म्हणून बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहिलंय का, ते बघा. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलावर ते असायलाच हवं. शुद्धतेची खात्री करायची तर दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाका.

आणि पोकळ म्हणजे कमजोर, असंही सरसकट नसतं. इंजिनीअरिंगला हे पाठच करून घेतात: वजन तेवढंच ठेवलं, तर पीळ सोसण्यात पोकळ शाफ्ट भरीव शाफ्टपेक्षा सरस ठरतो. सायकलची फ्रेम नळ्यांची असते, ती उगाच नाही. बांगडीचा पत्रा मात्र इतका पातळ असतो की आपटली की पोचा आलाच.

इंग्रजीतल्या एकट्या ‘सॉलिड’साठी आपल्याकडे शाळेत स्थायू, महापालिकेत घनकचरा, कोर्टात ठोस पुरावा. ‘भरीव’ सगळ्यात जास्त वापरतो आम्ही बातमीवाले: ‘भरीव तरतूद’. इथे वजनकाटा नसतो. रक्कम किती आणि गेल्या वर्षी किती होती, एवढं तरी लगेच बघता येतं. आत खरंच काय होतं, ते उशिरा कळतं. २०२३-२४ मधला प्रत्यक्ष खर्च छापून आला तो २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात.