वाळवण संत्र्यांचं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नागपूर-अमरावतीकडच्या घरांत फेब्रुवारी संपत आला की एक पेच हमखास उभा राहतो. एवढ्या संत्र्यांचं करायचं काय? मृग बहाराची फळं या सुमाराला उतरू लागतात. ज्यांचं कुणी बागाईतदार आहे त्यांच्या दारात क्रेट येऊन पडतं. पहिले दोन दिवस घरातले सगळे आवडीनं खातात, तिसऱ्या दिवशी शेजारीपाजारी पिशव्या जातात आणि पाचव्या दिवशी तळाच्या एखाद्या फळावर हिरवट बुरशी दिसते. एक फळ नासलं की त्याला टेकलेली चार नासतात.

आमच्याकडे क्रेट येतं ते वरूडकडून. माझे धाकटे दीर बाग बघतात. व्यापारी ठसठशीत फळ निवडून नेतो, बारीक फळ मागे उरतं. २०२३ साली बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क आणखी वाढवलं आणि आंबिया बहाराच्या तोडणीच्या दिवसांत भाव बसले. त्या नोव्हेंबरात आमच्याकडे एक नाही, चार क्रेट आली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, खा, वाटा, नाही तर गाईला घाला." वर्षभराची मेहनत गाईला घालायची, हे काही मनाला पटेना. मी म्हटलं, पापड-कुरडया वाळवतो, आमसुलं वाळवतात, मग संत्री का नाही?

पहिला प्रयोग फसला. चकत्या कापल्या, गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर पसरल्या आणि निश्चिंत झाले. दोन दिवस ऊन बरं होतं, तिसऱ्या दिवशी ढग आले. चौथ्या दिवशी सकाळी चकत्यांवर पांढरी लव! सगळं फेकलं. दुसऱ्या खेपेला ओव्हन दीडशे अंशांवर तापवला. तासाभरात चकत्या वरून तपकिरी, आतून ओल्या आणि चवीला अशा कडू की चहात घातलेली चकती मुलानं मुकाट्यानं बाहेर काढून ठेवली. शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईची ही तऱ्हा! मग मात्र वही काढली आणि नीट विचार केला.

माझी पहिली चूक ही की वाळवणं म्हणजे तापवणं असं मी धरून चालले होते. खरं काम करतो तो वारा. ऊन किंवा ओव्हन पाण्याची वाफ करायला मदत करतात, पण ती वाफ चकतीजवळून हलवायला कोरडी, वाहती हवा लागते. प्लॅस्टिकवर ठेवलेल्या चकतीला खालून हवा मिळतच नाही, ती स्वतःच्या रसात भिजत राहते. आणि नोव्हेंबरात दिवस लहान, पहाटे दव. चकतीतली साखर रात्रीची ओल परत शोषून घेते. दिवसभर कमावलेलं रात्री गमवायचं, असा तो व्यवहार होतो. संत्र्याच्या आंबटपणामुळे बरेच जिवाणू दूर राहतात, पण बुरशीला आंबटाचं वावडं नसतं.

दुसरी चूक घाईची. फार उष्णता दिली की चकतीचा पृष्ठभाग चटकन सुकून त्याचा कडक पापुद्रा होतो. आतलं पाणी बाहेर येण्याची वाटच बंद होते. वरून खुटखुटीत, आतून ओली अशी चकती बरणीत गेली की पंधरा दिवसांत बुरशी ठरलेली.

आता कडवटपणाचं. सकाळी काढलेला संत्र्याचा रस दुपारी कडवट लागतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. संत्र्याच्या बिया आणि सालीखालचा पांढरा भाग यांत लिमोनिन नावाच्या द्रव्याचं पूर्वरूप असतं. ते स्वतः कडू नसतं. फळ कापलं, पेशी फुटल्या आणि आंबट रसाशी त्याची गाठ पडली की हळूहळू कडू लिमोनिन तयार होतं. उष्णतेनं ही क्रिया लवकर होते. म्हणून बिया शेवटच्या कणापर्यंत काढायच्या आणि चकत्या करपू द्यायच्या नाहीत. थोडा कडसरपणा राहणारच. साल आहे, ती आपला स्वभाव थोडीच सोडणार!

पुढच्या मार्चमध्ये मृगाची फळं आली तेव्हा मी पुन्हा बसले. त्या दिवसांत विदर्भातली हवा अगदी कोरडी असते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी उन्हावर विसंबू नये, तिथल्या दमट हवेत हे जमणं कठीण.

फळं कोमट पाण्यात मीठ टाकून हातानं चोळून धुतली. बाजारातल्या चकचकीत फळांवर बऱ्याचदा मेणाचा हात असतो. धुण्यानं फवारणीचं औषध पूर्ण जातं असंही नाही, त्यामुळे फळाची खात्री नसेल तर साल काढून नुसत्या फोडी वाळवाव्यात. बागेचं फळ असलं तरी शेवटची फवारणी कधी झाली ते मी भाऊजींना विचारून घेते.

नागपुरी संत्र्याची साल सुटी असते. सोलायला सोपं म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, पण कापताना तीच आडवी येते. चकती हातात घेतली की साल एकीकडे, फोडी दुसरीकडे. त्यासाठी घट्ट, किंचित कमी पिकलेली फळं निवडायची, तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि पाव कापायच्या दातेरी सुरीनं न दाबता कापायची. जाडी पाच-सहा मिलिमीटर, पेन्सिलीच्या जाडीहून जरा कमी. फार पातळ चकती जाळीला चिकटून फाटते. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी खरं तर मोसंबी किंवा लिंबू घ्यावं. त्यांची साल गराला घट्ट धरून असते, चकत्या देखण्या होतात.

कापलेल्या चकत्या सुती फडक्यावर टिपून घेतल्या. मग माळ्यावरची जुनी बाज उतरवली, तिच्यावर मच्छरदाणीचं धुतलेलं कापड ताणून बांधलं आणि त्यावर चकत्या एकमेकींना न लावता मांडल्या. वरून पातळ मलमल. त्यानं माशा बसत नाहीत आणि थेट उन्हानं रंगही उडत नाही. बाजेचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, ही मुंग्यांसाठी सासूबाईंची युक्ती. दिवसातून दोनदा उलटायचं आणि सूर्य कलला की सगळं घरात. तीन दिवसांत काम झालं, चौथा दिवस मी खात्रीसाठी दिला.

ओव्हनच वापरायचा असेल तर साठ-सत्तर अंश चांगले. पण पुष्कळ घरगुती ओव्हन शंभराखाली उतरतच नाहीत. तेव्हा शंभरावर ठेवून दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवावा, म्हणजे वाफ बाहेर जाते. चकत्या ताटात नको, जाळीवर. अर्ध्या तासानं उलटत राहिलं की तीन-चार तास लागतात, आणि शेवटच्या तासात जागेवरून हलायचं नाही. विजेचं बिल मात्र विसरू नये. एअर फ्रायरमध्ये सुकत आलेल्या हलक्या चकत्या उडून वरच्या तापलेल्या तारेला लागतात, त्यामुळे वर जाळी दाबून ठेवावी लागते.

वाळली की नाही हे गरम असताना कळत नाही, कारण साखर गरमपणी मऊ असते. चकती गार होऊ द्यावी आणि मग दाबून पाहावी. फोडीतून ओल बोटाला लागता कामा नये. त्यानंतर काचेची कोरडी बरणी तीन-चतुर्थांशाहून कमीच भरावी आणि आठवडाभर रोज हलवावी. कमी-जास्त वाळलेल्या चकत्यांतली ओल यात सारखी वाटली जाते. काचेला आतून थेंब दिसले तर सगळ्या चकत्या पुन्हा उन्हात. बुरशी दिसली तर मात्र खरवडून वापरण्याचा मोह नको, ती अख्खी बरणी टाकून द्यावी.

किती उरतं, असं बायका विचारतात. संत्र्यात साधारण ८७ टक्के पाणी असतं. म्हणजे एक किलोत कोरडा भाग १३० ग्रॅम. थोडी ओल राहते ती धरून फार तर दीडशे ग्रॅम हाती येतं. वीस किलोचं क्रेट तीन किलोंच्या बरण्यांत बसतं. यातून बागाईतदाराचा प्रश्न सुटतो असं मी म्हणणार नाही. भाव पडले तर ते बरण्यांनी सावरत नाहीत. आणि क जीवनसत्त्वाच्या आशेनंही कुणी हे करू नये, ऊन, उष्णता आणि हवा लागून ते बरंचसं निघून जातं. उरतो तो सालीच्या तेलाचा वास आणि आंबटगोड चव.

ही चव वापरायची ती बेतानं. चहा गाळून कपात ओतल्यावर एक चकती टाकावी, उकळू नये, नाही तर पुन्हा तो कडूपणा. पाण्याच्या तांब्यात रात्रभर दोन चकत्या छान लागतात. तुटक्या चकत्यांची मिक्सरवर पूड करून मी चिमूटभर शिऱ्यात घालते. फारच कडसर निघालेल्या उटण्यात जातात, संत्र्याच्या सालीची ती जुनीच जागा.

पावसाळ्यात मोठी बरणी पुन्हापुन्हा उघडली की चकत्या लिबलिबीत होतात. म्हणून मी लहान बाटल्या भरते आणि एक संपल्याशिवाय दुसरीचं झाकण काढत नाही. गेल्या आषाढात भाऊजी आले होते, तेव्हा त्यांच्या चहात एक चकती टाकली. त्यांनी कप नाकाशी धरला आणि विचारलं, "वहिनी, हे त्या बारीक फळाचं?" जाताना एक बाटली पिशवीत घातली, आणि यंदा क्रेटबरोबर फवारणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी न मागता आली.