जाळ्यातील उपकरणांची ओळख आणि नोंदवही



बऱ्हाणपूरकरांना कुंडी भंडाऱ्याची रचना नव्याने सांगावयास नको. सन १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात बांधलेल्या या कुंड्या वरून सुट्या दिसतात; आतून मात्र भूमिगत बोगद्याने जोडलेल्या आहेत. एका कुंडीत पडलेली घाण पुढील पाण्यात उतरते. कार्यालयातील इंटरनेटच्या जाळ्याचेही तसेच आहे. दानपेटीवरील कॅमेरा, सभागृहातील टीव्ही आणि देणगीदारांची नावे व दूरध्वनी क्रमांक जपणारा संगणक आपल्याकडे एकाच राउटरला जोडलेले होते.

ही भीती काल्पनिक नव्हे. सन २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर कारखान्यातून आलेल्या मूळ पासवर्डांच्या आधारे ताब्यात घेतले. एका वेळी अशी सुमारे ६ लाख उपकरणे तिच्या अंकित होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील ‘डाइन’ कंपनीवरील हल्ल्यात ती वापरली गेली आणि ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडेनाशी झाली. बहुतेक मालकांना याची गंधवार्ताही नव्हती.

उपकरण ओळखावे कसे? राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. प्रत्येकापुढे १२ अंकाक्षरांचा ‘मॅक’ पत्ता असतो. त्यातील पहिल्या ६ वरून सामान्यतः निर्माता कळतो. मात्र आजचे मोबाइल हा पत्ता बदलून दाखवितात, तर स्थिर पत्ता दिलेले कॅमेरे काही राउटरांच्या यादीत येतच नाहीत. म्हणून यादी हाती घेऊन प्रत्येक खोलीत फिरणे व तार कोठे जाते ते पाहणे आवश्यक ठरते.

आम्ही अशी मोजणी केली, तेव्हा नोंदीत नसलेला एक जुना रेकॉर्डर कपाटामागे चालू स्थितीत आढळला. त्याचा मूळ पासवर्डही बदललेला नव्हता. हा दोष सर्वस्वी आमचा होता.

आता नोंदवहीत उपकरणाचे नाव, जागा, मॅक पत्ता, बसविल्याची तारीख व जबाबदार व्यक्ती लिहिली जाते. पासवर्ड त्या वहीत लिहिला जात नाही. भाविकांच्या मोबाइलसाठी वेगळे वाय-फाय ठेवले असून दर तीन महिन्यांनी फेरमोजणी होईल.

उपकरण भेट देऊ इच्छिणाऱ्या दात्यांनी ते परस्पर न जोडता प्रथम कार्यालयात नोंदवावे, ही नम्र विनंती. देणगीदारांनी विश्वासाने दिलेली माहिती जपणे हे न्यासाचे कर्तव्य आहे.

आपला विनीत,
सचिव