प्रकाश-विद्युत् रासायनिक जलविघटन

प्रकाश-विद्युत् रासायनिक जलविघटन : अर्धसंवाहक पदार्थाने शोषलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन यांत विघटन करण्याची प्रक्रिया. सूर्यप्रकाश अखंड मिळत नसल्याने त्याची ऊर्जा साठविणे आवश्यक असते. या प्रक्रियेत ती हायड्रोजन या इंधनाच्या रूपात साठते व तो जाळल्यास पुन्हा पाणीच तयार होते.

तत्त्व : अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनांनी भरलेला संयुजा पट्ट व त्यावरील रिकामा संवहन पट्ट यांतील ऊर्जेच्या फरकाला पट्ट-अंतर म्हणतात. त्याहून अधिक ऊर्जेचा फोटॉन शोषला गेल्यास इलेक्ट्रॉन वरच्या पट्टात जातो व खाली धन विद्युत् भारित पोकळी उरते. पोकळ्या पाण्याचे ऑक्सिडीभवन करून ऑक्सिजन मुक्त करतात, तर इलेक्ट्रॉन बाह्य मंडलातून दुसऱ्या विद्युत् अग्रावर जाऊन हायड्रोजन आयनांचे क्षपण करतात. यासाठी सैद्धांतिक दृष्ट्या १·२३ व्होल्ट विद्युत् दाब पुरतो. प्रत्यक्षात ऱ्हास भरून काढण्यास सु. १·६ व्होल्ट वा अधिक लागतो.

इतिहास व पदार्थ : १९७२ मध्ये आकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइड व प्लॅटिनम यांची विद्युत् अग्रे वापरून हे विघटन घडविल्याचे प्रसिद्ध केले. टिटॅनियम डाय-ऑक्साइड स्वस्त व टिकाऊ असले, तरी त्याचे पट्ट-अंतर ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट वा किंचित अधिक असल्याने ते मुख्यतः जंबुपार प्रकाशच शोषते आणि सूर्यप्रकाशात याचे प्रमाण सु. ५ टक्केच असते. हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडाचे पट्ट-अंतर सु. २·१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असून ते दृश्य प्रकाशही शोषते. परंतु त्यात प्रकाश पुरेसा शोषला जाण्यास शेकडो नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे १ मीटरचा अब्जावा भाग) जाडी लागते, तर पोकळी काही नॅनोमीटर अंतर जाताच इलेक्ट्रॉनाशी पुन्हा संयोग पावते. थर जाड केल्यास पोकळ्या वाया जातात, पातळ केल्यास प्रकाश निसटतो.

अब्जांशी संरचना : या पेचातून वाट काढण्यासाठी पातळ पटलाला उभ्या सूक्ष्म शलाका, नलिका वा शाखायुक्त कण यांचे रूप देतात. प्रकाश शलाकेच्या लांबीच्या दिशेने शोषला जातो, तर पोकळीला तिच्या अरुंद जाडीतूनच पृष्ठभाग गाठावा लागतो. पाण्याशी संपर्काचे क्षेत्रफळही वाढते. मात्र पृष्ठभागावरील दोषांमुळे पुनःसंयोगही वाढू शकतो. अशी पटले फवारा-तापविघटन, विद्युत् निक्षेपण व धनाग्रीकरण या पद्धतींनी तयार करतात.

मर्यादा : कार्यक्षम पदार्थ बहुधा महाग वा अल्पायुषी असतात. १९९८ मध्ये ओ. खासेलेव्ह व जॉन टर्नर यांनी अमेरिकेत गॅलियम आर्सेनाइडावर आधारित बहुस्तरी घटकाने १२·४ टक्के कार्यक्षमता गाठली. परंतु असे पदार्थ विद्युत् विच्छेद्यात क्षरण पावतात. त्यांना टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा अतिशय पातळ संरक्षक थर देण्याची पद्धती उपयुक्त ठरली आहे. उलट, जपानमध्ये स्ट्राँशियम टिटॅनेटाची चूर्णरूप पटले १०० चौ. मी. क्षेत्रावर बसवून अनेक महिने खुल्या हवेत चालविण्यात आली (२०२१). पण त्यांची कमाल कार्यक्षमता ०·७६ टक्केच होती. स्वस्ताई, टिकाऊपणा व कार्यक्षमता हे तीन गुण एकाच पदार्थात आणणे ही या क्षेत्रातील मुख्य समस्या आहे. ती सुटल्यावरच हा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून मिळणाऱ्या हायड्रोजनाची जागा घेऊ शकेल.